कंदील, बारा सेकंद

ओनित्शात, इवेका रोडवर, शिंप्याच्या दुकानामागे
माझा एक संगणक होता आणि अर्धा जनरेटर.
उरलेला अर्धा शिंप्याचा.
सिनेमे मी केले नाहीत.
सिनेमा सुरू व्हायच्या आधी जे येतं
ते करायचो.

गरुड हवा, म्हणायचे निर्माते.
गरुड पृथ्वीवर बसलेला हवा,
पृथ्वी सोन्याची, फिरती, मागे वीज कडाडलेली,
आणि त्याने थेट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायला हवं.
एझेन्वा म्हणून एक होता,
मोटारींचे सुटे भाग विकता विकता सिनेमात आलेला,
त्याने गरुडाच्या पाठीवर सिंह मागितला.
म्हटलं, दादा, मग हा उडणार कसा?
म्हणाला, पैसे मी देतोय, उडेल.
उडाला.

एकच पृथ्वी मी एकोणीस कंपन्यांना विकली,
कधी डावीकडे फिरवून, कधी उजवीकडे.
थांबताना मात्र आफ्रिका समोर.
तेवढं इमान राखलं.

मग उगोन्मा आली.
उगो म्हणजे आमच्यात गरुडच,
म्हणून मी आधीच पंखांची फाइल उघडून बसलो.
ती म्हणाली, कंदील.
कसला कंदील?
रॉकेलचा. हात येतो, चावी फिरवतो, वात वर सरकते. बस्स.
सोन्याचा करू?
पत्र्याचा कर. आणि काच डाव्या अंगाला काजळलेली ठेव.
डाव्याच का?
मोटार स्टँडवर मी अकारा तळत बसते ना,
तिथं वारा उजवीकडून येतो.

फ्रीझर विकून तिने सिनेमा काढला होता.

तीनशे चित्रं, चार रात्री.
तिसऱ्या रात्री नेपाने वीज नेली,
आणि माझ्या वाट्याचं पेट्रोल
शिंप्याने कुणाच्या तरी लग्नाच्या कपड्यांपायी जाळलं.
सहा चित्रं गेली ती गेलीच.
ज्योत नीट वर चढते, आणि मध्येच
दचकते.

मी हात जोडले. पुन्हा करून देतो म्हटलं.
तिने परत लावायला सांगितलं. परत एकदा.
बोटांचं तेल पदराला पुसत म्हणाली,
कुणीतरी दार उघडलंय.
राहू दे.

सिनेमा पंधरा दिवसांत बुडाला.
नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही.
ती परत कढईपाशी बसली,
मग एक दिवस कढईही दिसेना.
माझे दोन हजार नायरा राहिले तिच्याकडे.
मी कधी मागितले नाहीत.
खरं सांगायचं तर
एकदा मागितले.

चोरांना घाई असते.
तिच्या डिस्कच्या साच्यात दुसऱ्यांचे सिनेमे ओतताना
सुरुवातीची बारा सेकंदं कापायची राहून गेली,
आणि कंदील निघाला गावोगाव.
पाद्रीबुवांच्या चमत्काराआधी, दोन सवतींच्या भांडणाआधी,
लोमेत, डुआलात न्हाव्याच्या आरशात उलटा,
फ्रेंच बोलणाऱ्या हाणामारीआधी.
तिने कधी न काढलेल्या
चाळीसेक सिनेमांच्या उंबऱ्यावर
तिचा हात येतो, चावी फिरवतो.

परवा डिसेंबरात लागोसची रात्रीची बस.
हरमाटनची धूळ खिडक्यांतून आत.
एक बाई जंताचं औषध विकून, प्रार्थना म्हणून उतरली,
क्लीनरने टीव्ही लावला.
काळोख. हात. चावी.
शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, हे मी केलंय.
त्याने मान वर करेपर्यंत गरुड आला होता,
पाठीवर सिंह घेऊन.
हे? तो म्हणाला, चांगलं आहे.
हे नाही, याच्या आधीचं.
आधी काय होतं?

तेवढ्यात डिस्क अडकली.
क्लीनरने ती काढली, शर्टाला पुसली, परत घातली.
या वेळी शेजारी डोळे लावून बसला,
हात, चावी, वात, काजळी डावीकडे,
आणि ज्योत दचकली.

खराब आहे डिस्क, तो म्हणाला.

मी बसच्या दाराकडे बघितलं.