रेडीमेड

बँकेनं लिलावात काढलेला कॉम्प्युटर
भाच्यानं टॅक्सीत घालून काळाचौकीला आणून दिला,
त्याला दीड वर्ष झालं.
काळा डबा, कंपनीचा शिक्का, मागे तीन स्क्रू.
शाल्मली त्यावर इमारती उभ्या करते.
एका जिन्याची सावली पडायला
रात्रीचे अकरा ते पहाटेचे चार लागतात,
आणि पंखा असा घरघरतो
की कुळ्येवहिनींनी विचारलं, गिरण टाकलीत का.

"आई, ग्राफिक्स कार्ड घालू या."
घालू या. हुक लावावा तसं.

मी म्हटलं, थांब, आधी उघड.
गिऱ्हाइकानं रेडीमेड कपडा आणला
की मी पहिल्यांदा तो उलटा करते.
बाहेरून काय, सगळेच शोभतात.
आत बघायचं, शिवणीत माया किती सोडलीय.
माया असली तर उसवून सैल करता येतं,
बाळंतपणानंतर, साठीनंतरसुद्धा.
नसली, तर कुणाकडेही न्या.

झाकण निघालं. आत धुळीचं अस्तर.
गळ्यातली टेप काढली.
तिचे पहिले दोन इंच माझ्याच बोटांनी पुसलेत,
म्हणून मी दोनापासून मोजते आणि दोन वजा करते.
मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत
सव्वानऊ.
तिनं मनात धरलेलं कार्ड
साडेदहा.
"सव्वा इंचाचा तर प्रश्न आहे."
सव्वा इंच!
सव्वा इंचावरून माझ्यासमोर
सख्ख्या बहिणी बोलायच्या थांबल्यात.

मग पॉवर सप्लाय.
लेबल आतल्या अंगाला, मान वाकडी केली तरी दिसेना.
तिनं मोबाइल आत घालून फोटो काढला, मोठा केला:
दोनशे चाळीस वॅट.
वायरी मी एकेक बोटावर घेऊन मोजल्या.
सहा टोकांची, कार्डाला लागते ती,
त्यांच्यात नव्हतीच.

लॅमिंग्टन रोड. जिन्याखालचा गाळा.
मुर्तुझाभाईंनी पावती उलटी करून वाचली,
पुढे कुणाचंतरी ब्लाउज, मागे माझं अक्षर:
लांबी सव्वानऊ. जाडी दोन खाचा.
वॅट २४०. वायर नाही.
ते हसले नाहीत.
"लोक फोटो घेऊन येतात. माप कोणी आणत नाही."

सप्लायच बदलला तर? शाल्मलीनं विचारलं.
"या कंपनीचा सॉकेटच वेगळा, बेटा.
बाजारातला बसायचा नाही.
पुढे कोणी काही बदलेल, हे त्यांनी धरलंच नाही."

माया सोडलेली नाही, मी म्हटलं.
ते माझ्याकडे बघत राहिले,
मग त्यांना कळलं. त्यांचा आजा टोप्या विणायचा.

खोक्यातून छोटं कार्ड निघालं.
एकच पंखा. पावणेसात इंच.
खाचेतूनच पंचाहत्तर वॅट घेतं,
वेगळी वायर मागत नाही.
मी पुन्हा मोजलं. रागावले नाहीत.
शाल्मली काचेमागच्या लांब, तीन पंख्यांच्याकडे बघत होती.
मी पाहिलं ते.
भाव करताना माझा आवाज उगाच चढला.

बसमध्ये खोकं तिच्या मांडीवर.
भायखळ्यापर्यंत गप्प. मग म्हणाली,
"पुढच्या वेळी सुटे भाग घेऊ. डबाच मोठा घेऊ."
घेऊ, म्हटलं.
कापड आणून शिवलेलं केव्हाही बरं.

रात्री बसवलं. खट् झालं.
पडदा काळा.
ती काही बोलेना, मी काही बोलेना,
कुळ्यांकडची मालिका भिंतीतून ऐकू येत होती.
मग कंपनीचा तोच निळा शिक्का उमटला,
आणि आम्ही दोघी एकदम बसलो.

जिन्याची सावली साडेबाराला पडली.
पंखा चालू होता की नाही
ते बघायला मी डब्यावर हात ठेवला.

झाकण अजून उघडंच होतं.
कार्डाच्या टोकापासून पिंजऱ्यापर्यंत
अडीच इंच रिकामे.
बोट घालून पाहिलं.
राहू देत.