उठवायच्या खोल्या

संध्याकाळी पाहुणे वहीत नंबर लिहून जातात:
तीन, सात, अकरा, चौदा.
आकाशात काही दिसलं तर फोन करा,
कितीही वाजले असोत.
मी बरं म्हणते. पगारात तेही धरलेलं आहे.

सूर्य नोव्हेंबर सरता सरता गेला,
आता जानेवारीच्या अखेरीस
डोंगराच्या खांद्यावरून पाचेक मिनिटं डोकावेल,
शाळेत मुलांना गोड बन वाटतील.
तोवर दुपारी थोडं निळं, आणि मग हे.
धक्क्यावर पालथ्या पेट्या, दोरखंडांवर बर्फ,
गावाबाहेर लाकडी मांडव रिकामे,
कॉड चढेल त्यांच्यावर फेब्रुवारीनंतर,
जोडीजोडीनं, शेपटीला बांधलेला.

दर अर्ध्या तासानं मी मागच्या दारातून बाहेर जाते,
भटारखान्याच्या दिव्याकडे पाठ करून उभी राहते.
आधी ते काहीच नसतं.
ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर उरतो तेवढा पट्टा,
फियोर्डच्या पलीकडल्या कड्यावरून निघालेला.
मग तो हलतो.
ढग असा हलत नाही.

एक वाजून चाळीस.
तीन: थँक्यू, थँक्यू, आणि काहीतरी पडल्याचा आवाज.
सात: उचलत नाहीत.
अकरातलं जोडपं ओसाकाचं, ती आधीच बूट घालून बसलेली.
चौदाचे मिलानचे गृहस्थ पायजम्यावर कोट चढवून आले,
वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं,
सुपात केस निघाल्यासारखं.
हे तर राखाडी आहे!
थांबा, म्हटलं. डोळ्यांना वेळ द्या. तो फोन खिशात घाला.
कुणीतरी शीळ घातली,
तशी आमची स्वयंपाकीण मारेत दारातून ओरडली, शीळ नको!
तिच्या सामी आजोळी म्हणतात, वरच्यांना ऐकू जातं,
ते न्यायला येतात.
मग स्वतःशीच हसली. पण दार लावून घेतलं.

आणि मग ते आलं.
पाखडल्यासारखं हिरवं उधळत गेलं
कड्यापासून कड्यापर्यंत, काळ्या पाण्यातही,
काही आवाज न करता.
आवाज हवा होता असं वाटत राहतं,
एकवीस वर्षं वाटतंय.
मिलानच्या गृहस्थांनी टोपी काढली, उणे चौदात.
थोड्या वेळानं परत घातली.

आणि अगदी वर, हिरव्याच्या काठाला, लाल.

एक नंबर वहीत नाही.
पलीकडच्या तीरावर वृद्धाश्रम, दुसरा मजला,
आई, बोर्गहिल्ड, वय शहाऐंशी, रात्री जागीच.
ती हॅलो म्हणत नाही.
रंग कोणता, विचारते.

चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात ती सहा वर्षांची,
मासेमारीच्या बोटीत, ताडपत्रीखाली,
चाळीस माणसं आणि एक शेळी.
मागे जाताना जर्मनांनी गाव पेटवलं,
गुदामं, शाळा, चर्च, मग घरं, ओळीनं.
तिनं ताडपत्रीच्या फटीतून आभाळ पाहिलं, लालभडक,
आणि टाळ्या वाजवल्या.
बघा, दिवे आले! किती मोठे!
बोटीत कुणी बोललं नाही.
तिच्या आईनं तिचे दोन्ही हात
आपल्या एका हातात धरून ठेवले, उजाडेपर्यंत,
म्हणजे उजाडलं असतं तोपर्यंत.
हे तिनं मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलताना.

हिरवा, मी म्हटलं.
नुसता हिरवा?
नुसता.
ती थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता,
आणि मागे भिंतीवरचं घड्याळ.
माझी खिडकी उत्तरेला आहे, म्हणाली,
विसरलीस वाटतं.

फोन तिनं ठेवला नाही, पांघरुणावर टाकला.
मग पावलं, सावकाश. काठी.
मग पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज.
उघडला की लावला,
ते आवाजावरून कळत नाही.

बाहेर अकराची ती हसतेय.
मी सातला पुन्हा लावून पाहिला.