अर्धी सावली

टिपणीसबाई, वय एकोणऐंशी,
खारघरच्या हॉस्पिटलसमोर
माझ्या शहाळ्याच्या गाडीची अर्धी सावली
उसनी घेऊन बसतात, मांडीवर सह्यांची वही.

"गांजा?" लोक दचकतात.
"विजया म्हणा हवं तर. दुखणाऱ्याला
नावाशी काय करायचंय?"

हवालदार दोनदा हटकून गेला.
तिसऱ्यांदा टोपी काढून म्हणाला,
"केमोनंतर आईच्या पोटात
पाणीसुद्धा ठरत नाही.
या कागदानं होईल काही?"

बाई खोटं बोलत नाहीत.
"तुमच्या आईच्या वेळेत नाही होणार,"
म्हणाल्या, आणि पिशवीतली आवळासुपारी
त्याच्या तळहातावर ठेवली.

सही त्यानं केली नाही. नोकरी आहे.
उन्हात आलेली वही तेवढी
सावलीत सरकवली.

मी शहाळं सोललं,
आईसाठी, पिशवीत घालून.
पैसे बाईंनी दिले. मी घेतलेही.