उलटा मजकूर

गोदमारचे शब्द सगळ्यांच्या आधी मी वाचले,
आणि उलटे.
ल्यों शहर, क्रुआ-रूसचा चढ, तळघरातला छापखाना,
तिथे मी त्याचे खिळे जुळवायचो.
शिशाची अक्षरं डोक्यावर उभी,
आणि पहाटे कागदावर ती पायांवर येत
तेव्हा शहरात कुणीतरी चिडलेलं असे.

त्याचा बाप रेशीम रंगवणारा.
हात कोपरापर्यंत निळे, मेल्यावरही.
पेटीत ठेवताना पाद्रीबुवांनी पांढरे हातमोजे मागवले.
अकरा वर्षांचा एवारिस्त म्हणाला, राहू द्या.
माझ्या मते हीच त्याची पहिली समीक्षा.
बाकीच्या तिच्याच आवृत्त्या.

दिवसा तो सरकारी गहाणघरात भाव ठरवी:
घड्याळ, गादी, मेलेल्या बायकोची अंगठी.
रात्री चित्रांचा.
पगार फक्त दिवसाचा.

एकदा एका बड्या चित्रकाराच्या जलदेवतेवर
त्याने दोनच ओळी पाठवल्या:
'हिला घाम येत नाही.
हिची चादर कोण धुतं, ते चित्र कुठे आहे?'
मी पुढच्या कागदाची वाट पाहिली. पुढचा कागद नव्हता.
संपादक ओरडले, उरलेला रकाना कशाने भरू?
कोरा सोडा, म्हणाला, लाज वाटायला जागा लागते.
आम्ही तिथे चुलीच्या पॉलिशची जाहिरात टाकली.

विणकरांचा संप झाला त्या हिवाळ्यात
त्याने लिहिलं:
'संग्रहालयाच्या काचा फोडू नका. दारं काढा.'
चौदा महिने.
न्यायाधीशांनी विचारलं, दारं काढा म्हणजे काय?
तो म्हणाला, बिजागऱ्यांपासून सुरुवात करायची.

मलाही नेलं होतं.
मी सांगितलं, साहेब, मी उलटं वाचतो,
मला अर्थ लागत नाही.
त्यांना पटलं. शिसं अंगात भिनलेली माणसं मठ्ठ असतात
हे त्यांना ठाऊकच होतं.
दारातून बाहेर पडताना मी मागे पाहिलं नाही.
हे मी त्याला कधी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

सुटला तेव्हा डोळे गेल्यातच जमा.
क्लोतिल्द व्हेर्नूने नवं चित्र त्याच्या खोलीत आणून टेकवलं,
आणि तो मला म्हणाला, सांग.
बायका आहेत, म्हटलं. सोन नदी आहे. कपडे धुताहेत.
पाण्याचा रंग?
निळा.
खोटं. तू पाण्याकडे नाही, 'पाणी' या शब्दाकडे बघतोयस.

मी बसलो. मेणबत्ती अर्धी झाली.
मग दिसलं, जिथे साबण उतरलाय तिथे पाणी
मांजराच्या तोंडात असतो तसं गुलाबी-करडं,
आणि एका बाईची बोटं
तिच्या हाताहून वयाने मोठी.
सांगितलं. तो बराच वेळ गप्प.
क्लोतिल्द खिडकीकडे तोंड करून उभी होती.
मग त्याने विचारलं, आता याला गहाण ठेवून किती देशील?
मला आकडा सुचला नाही.
छान, म्हणाला. आजपासून तू समीक्षक.

नाही झालो. खिळेच जुळवत राहिलो.
पण त्यानंतर बाजारात बटाटासुद्धा
मला एका रंगाचा दिसलेला नाही.

आता तो नाही. ज्यांना त्याने झोडपलं
त्यांचे शिष्य स्वतःला गोदमारपंथी म्हणवतात,
त्याच्या नावाचं पदक देतात, एकमेकांना.
रविवारी संग्रहालय फुकट असतं. मी जातो.
ती जलदेवता अजून तिथेच, कोरडी.
क्लोतिल्दच्या धोबिणी जिन्याखाली, अंधारात,
पण आहेत.

आणि दारंही आहेत.
जाता-येता मी हात लावून बघतो.
बिजागऱ्यांना कुणीतरी तेल घालतं.
पूर्वी निदान कुरकुरत तरी होत्या.