हातचा एक

लिफ्टचे दोनशे बारा युरो चाळीस सेंट.
मी तळमजल्यावर राहते.

हे मी त्यांना चार पत्रांत कळवलं.
पहिल्यात विनंती होती, दुसऱ्यात मुदत,
तिसऱ्यात नुसते आकडे.
चौथं परत आलं. कंपनीनं नाव बदललं होतं,
आता ती एका टपालपेटीत राहते
आणि फोन केला की व्हायोलिन वाजवते.

केमनिट्सच्या सूतगिरणीत एकतीस वर्षं हिशोब लिहिले मी.
गिरणी बुडाली त्या दिवशीसुद्धा
माझ्या वहीचा मेळ बसत होता.

बिलं बघणं आमचा हक्क. मागितली.
मंगळवारी, नऊ ते दहा, असं उत्तर आलं.
चौथ्या मजल्यावरचे थुआन सोबत आले,
कोटाच्या खिशात मोजपट्टी घेऊन.
टेबलापलीकडे एक पोरगा, गळ्यात टाय,
साधं पाणी विचारलं नाही त्यानं.

हिरवळ कापणे, चौदा वेळा.
आमचं अंगण सिमेंटचं. कचऱ्याचे चार डबे
आणि एक सायकल, तिलाही चाक नाही.
थुआननी अंगण मोजून आणलं होतं, सेंटिमीटरसकट.
"हिरवळ," त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला?"
पोरानं कागद उलटून पाहिला,
जणू गवत पाठकोऱ्या पानावर उगवलं असावं.

बर्फ काढणे, तेवीस दिवस.
थुआनची धाकटी बर्फाची वाट बघत असते,
पडला की कॅलेंडरवर निळा ठिपका देते.
ठिपके चार.

मग पाणी.
डोई मोजून वाटतात. अकरा डोकी होतो.
नोबिश जानेवारीत गेले,
कंपनीनं एक डोकं कमी केलं
आणि त्यांचा वाटा आमच्या माथी मारला.
"रिकाम्या घराचं मालकानं भरायचं," मी म्हटलं,
"आणि घर रिकामं, नळ बंद,
तर पाणी पंधरा घनमीटर वाढलं कसं?"

बोट त्या आकड्यावर ठेवलं
ते उचलेना.

नोबिश पहाटे पावणेसहाला नळ सोडायचे.
माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पाईप आधी कुंथायचा,
मग खाकरायचा. मी शिव्या देत उठायची.
बावीस वर्षं गजर लावला नाही.
त्यांची किल्ली माझ्याकडे होती, कुंड्यांसाठी.
फेब्रुवारीत कुंड्याही गेल्या.

मार्चपासून रोज पहाटे
मी तिसऱ्या मजल्यावर जायची, त्यांचा नळ सोडायची
आणि पळत, छे, या गुडघ्यांनी कुठलं पळणं,
लिफ्टनं खाली यायची
भिंतीला कान लावायला.
दोन मिनिटं. फार तर तीन.
मग बंद करायला पुन्हा वर. लिफ्टनंच.

परतताना ट्राममध्ये थुआन खुशीत होते.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रात्री पाचवं पत्र काढलं.
हिरवळ, शून्य. बर्फ, चार दिवस.
लिफ्टची ओळ खोडली. दोनशे बारा चाळीस, मान्य.
पाण्यापाशी पेन्सिल थांबली.
हातचा एक असतो ना, बेरजेत,
तो डोक्यावर बारीक लिहून ठेवावा लागतो.
मी तो ठेवलाच नव्हता,
आणि थुआनच्या घरची चार डोकी
माझ्या कानांचं पाणी भरत होती.

पैसे पाकिटात घातले. चौथ्या मजल्यावर गेले.
सगळं सांगितलं, उभ्यानंच.

थुआननी पाकीट उघडलं नाही.
आतून बायकोला हाक मारली,
त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले,
ती तोंडावर हात धरून हसायला लागली.

"आम्हाला वाटलं, नवा भाडेकरू आलाय," थुआन म्हणाले.
"ही दोनदा त्याचं दार वाजवून आली,
गरम सूप घेऊन."

पत्र अजून टेबलावर आहे.
खाली सही केली आहे, गुंडुला वेत्सिश.
पाण्याची ओळ कोरी.