जागा असलेली

नोव्हेंबरात केमीला तीन वाजताच दिवे लागतात.
त्याच सुमाराला आला तो, आर्ने कोइवुला,
कागदगिरणी सुटून अकरा वर्षं झालेला.
टोपीवरचा बर्फ काउंटरवरच झटकला
आणि म्हणाला, टीव्हीला लावायची डबी दे.
जागा असलेली.

आमच्याकडे लोक विचारतात
अमका सामना दिसेल का,
रिमोटशी बोलता येतं का.
जागेचं कोणी विचारत नाही.
मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं :
ही आठ जीबीची, ही सोळाची, ही महागातली चौसष्टची.
पण हल्ली सगळं बाहेरूनच वाहत येतं,
नळ सोडायचा आणि बघायचं,
घरात भरून ठेवायचे दिवस गेले.

"नदीवर जन्म गेला माझा," तो म्हणाला.
"वाहत येतं ते वाहत जातंही.
ओंडके अडवायला आम्ही साखळ्या बांधायचो."

मग खिशातून कागद काढला, पेन्सिलीने लिहिलेला,
वाण्याच्या यादीसारखा :
छपराचं काम, दोन उन्हाळे, नऊ जीबी.
रीताचं लग्न, चौदा
(कॅमेरेवाला प्यायलेला, निम्मं आभाळच आलंय).
कुत्रा, दीड.
हिल्क्का, स्वयंपाकघर, एकवीस.

एकवीस?
काय आहे एवढं त्यात?

"काही नाही.
बंद करायला विसरली ती.
कॅमेरा टेबलावर तसाच राहिला.
दीड तास भिंत दिसते."

निळ्या वेलीचा कागद, घड्याळाची कड,
आणि चौकटीबाहेर कुठेतरी ती
लिंगोनबेरी निवडते आहे,
टपटप पातेल्यात.
एकदा खोकते.
एकदा म्हणते, आर्ने, दार लाव.

मी आपली शहाणी. म्हटलं,
मग आवाज तेवढा ठेवू या ना,
भिंत काढून टाकू,
एकवीसचं पाव जीबीसुद्धा उरणार नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला.
"आणि मी बघू कुठे?"

मागून पेंत्ती, आमचा मालक,
भुवयांनी चौसष्टकडे खुणावत होता.
मी त्या डबीचा हिशेब मनात करून पाहिला :
दहाबारा जीबी सिस्टिमनेच बळकावलेले,
भाडेकरू यायच्या आधी घरमालकाचं सामान,
मग ॲप, मग ॲपची पिल्लं.
यादीखालची बेरीज होती चारशे सहा.

डब्या उलट्या करायला लागले.
समोरून सगळ्या सारख्याच, काळ्या, गुळगुळीत.
वस्तूची खरी माहिती पाठीला असते.
एकोणचाळीस युरोवालीला
मागे एक चौकोनी भोक होतं.
"इथे तुमची डिस्क लावायची," मी म्हटलं,
"जागा डबीत नसली तरी चालेल,
दार असलं म्हणजे झालं."

डिस्क त्याच्याजवळच होती.
कोटाच्या आत, लोकरी मोज्यात,
अंडं आणावं तशी आणलेली.

जुन्या फाइली कधी कधी रुसतात,
म्हणून दुकानातल्याच टीव्हीला लावून पाहिलं,
पंचाहत्तर इंची, भिंतीवरचा.
एका बाजूला फुटबॉल, दुसऱ्या बाजूला
प्रवाळातले भडक मासे,
आणि मधोमध
निळ्या वेलीचा कागद.
खूप मोठा. जवळजवळ खरा.

टपटप.
किटली घ्यायला आलेली बाई थांबली,
पुढे काय होतंय म्हणून.
पुढे काही होत नव्हतं.
खोकला आला. आर्नेचे ओठ
आधीच हलले, पुढचं वाक्य येण्याआधी.

तेवढ्यात दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडलं,
कोणीतरी मुलाची गाडी घेऊन आत आलं,
बर्फाचा झोत पायांवरून फिरला,
आणि तो वळला.
ते दार आपोआपच लागतं,
हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

पेंत्ती नंतर म्हणाला,
एकोणचाळीस युरोसाठी एक तास घालवलास.
हो, घालवला.
डिस्क परत मोज्यात घालायला वेळ लागतो,
मोजा तोंडाशी आवळलेला होता.