माया

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
एक मशीन, एक आरसा,
उन्हाळ्यात मागे कूलर,
कपड्यांना ओल्या वाळ्याचा वास.
छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कमरा मोजतो.
कुणाची वाढली तर मोठ्यानं सांगत नाही,
आकडा लिहितो अन् वही पालथी ठेवतो.
धंद्यातलं हे पहिलं शिक्षण.

दुसरं, शिवणीत माया ठेवायची.
दीड इंच कापड, आत दुमडलेलं.
माणूस पुढच्या दिवाळीत केवढा असेल
त्याचं त्याला तरी कुठं माहीत असतं.

माझी स्वतःची पँट मी चारदा उसवली,
रात्री, शटर अर्धं ओढून.
चौतीस. पस्तीस. साडेपस्तीस.
मग आतली माया संपली.
मागून दुसऱ्याच रंगाची पट्टी जोडली, शर्टाखाली झाकली.
साडेसदतीस.
कपडे मंदा धुते. तिला दिसलीच असणार.
बोलली नाही.

मेयोतली पोरसवदा डॉक्टर
रिपोर्टावरून मान वर न करता म्हणाली,
"काका, उपाशी राहू नका. धावूही नका.
रोज चाला, अन् वाढून घेताना ताटाकडे बघा."
मी रागवून घ्यायच्या तयारीनं गेलो होतो.
एवढं साधं काम सांगितल्यावर
नाही म्हणायची पंचाईत होते.

पहाटे साडेपाचला गांधीबाग.
पहिल्या दिवशी एक फेरी, मग बाकावर धाप टाकत.
गुडघ्याला पट्टा बांधलेले पौनीकर मास्तर जवळून गेले,
"काहून बसला बे हेडाऊ?
हळू चाल. पण चाल."

भात पूर्वी डोंगर असायचा, आता टेकाड.
ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
डबा दुकानात सातला येतो,
दहाला घरी जाऊन जेवणं बंद.
चहात साखर अर्धी.
आठ दिवस तो चहा नव्हताच, तापलेलं पाणी होतं.
आता भाच्याकडचा पाकासारखा लागतो.
तर्री पोहे सोडले नाहीत, खोटं कशाला बोलू.
रविवारी एक प्लेट, तर्री वेगळ्या वाटीत,
चमचा नुसता बुडवून.

साळ्याच्या पोरीचं लग्न कामठी रोडच्या लॉनवर.
तिथं मात्र बुंदी तीनदा घेतली,
अन् सावजी मटणाच्या तेलात भाकर मोडून मोडून
मनगटापर्यंत जेवलो.
दुसऱ्या दिवशी लाजेनं बागेत गेलो नाही.
तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी मास्तर दुकानात आले,
"जरा हे बटन लावून दे."
दोरा ताजा तुटलेला. मुद्दाम तोडलेला.
मी बटन लावलं. त्यांनी पैसे दिले, मी घेतले.
बागेचं नाव दोघांनीही काढलं नाही.
पाचव्या दिवशी साडेपाचला मी फाटकाशी होतो.

परवा एक पोरगी आली, साखरपुडा महिन्यावर,
"काका, ब्लाउज दोन इंच कमी शिवा, मी तोवर बारीक होते."
आधी शिवून द्यायचो तसे. परत यायचे,
काखेत फाटलेले.
म्हटलं, "आज आहेस त्या मापाचा शिवतो.
कमी झालीस तर ये, आत घेईन. पैसे नको देऊ."
तिनं आरशात पाहिलं.
मग हात पसरून नीट उभी राहिली.

अकरा महिने झाले.
काल रात्री शटर अर्धं ओढलं,
पट्टी उसवायला घेतली,
तर मंदा वाकून आत आली, डब्याच्या निमित्तानं.
टेप माझ्या गळ्यातून काढला,
माझ्याच कमरेभोवती फिरवला, बल्बखाली धरला,
अन् गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली,
"साडेचौतीस!"

पट्टी निघाली, तरी कापड उरलं.
मी कैची उचलली.
तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.
ठेवली.
उरलेलं आत दुमडून वरून टीप मारली,
अन् तिला म्हटलं, चल,
पायीच जाऊ घरी.